मराठी कपाटातला अंक

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात एका भिंतीला लागून परदेशी नियतकालिकांची लोखंडी मांडणी होती. प्रत्येक खणाला एक तिरकी झडप, झडपेवर नवा अंक टेकवलेला, आणि झडप उचलली की आत त्या वर्षाचे मागचे अंक. खाली टाइप केलेली नावाची चिठ्ठी. मी एम.एस्सी.ला आले तोवर निम्म्याहून जास्त झडपा रिकाम्या झाल्या होत्या. चिठ्ठ्या मात्र कुणी काढल्या नव्हत्या. त्यामुळे लांबून पाहिलं तर ग्रंथालयात सगळं येतं आहे असं वाटायचं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बडोद्याच्या अलकापुरीतल्या दुकानांत परदेशी चॉकलेटं आणि शांपू सहज मिळायला लागले होते, आणि परदेशी नियतकालिकं मात्र एकेक करून बंद होत होती. रुपया घसरला की वर्गणी आपोआप वाढायची. दर वर्षी विभागाकडे एक यादी यायची आणि मॅडम तिच्यातल्या नावांवर लाल पेनाने रेघा मारायच्या. मॅडम म्हणजे आमच्या मार्गदर्शक. रेघ मारून झाली की त्या यादी उलटी करून टेबलावर ठेवत, जणू त्यांना ती पुन्हा दिसायला नको असायची.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. गोत्रीला नव्या सोसायटीत आमचं घर. आजोबा संस्थानी काळात दप्तरात मोठ्या हुद्द्यावर होते, बाबा बँकेत. घरात मराठी, शाळा नन्सची, इंग्रजी माध्यमाची. बाहेर गुजराती. तिन्ही भाषा बोलता यायच्या, पण वाचायची सवय एकाच भाषेची होती. मराठी मी थांबत थांबत वाचायची, आणि गुजराती तर अक्षर लावत. हे मी कुणाला कळू देत नसे. तशी मी बरंच काही कळू देत नसे. वर्गात न बोलणारी, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. लोकांना वाटायचं मी शांत आहे. मी फक्त बघत असायची.

सगळ्यात जास्त मी करजणच्या मुलीकडे बघायची. आम्ही दोघी एकाच विषयावर काम करत होतो: कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग खाऊन टाकणारे जिवाणू. ती रोज करजणहून एसटीने यायची. वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान. शिक्षण पूर्ण गुजरातीतून, त्यामुळे इंग्रजी बोलताना ती आधी मान खाली घालायची, वाक्य जुळवायची आणि मग मान वर करून एका दमात म्हणून टाकायची. पण प्रयोगशाळेत तिचे हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. हायवेच्या कडेच्या नाल्यातून ती स्वतः बाटल्या भरून आणायची. माझे नमुने बाबांच्या ओळखीच्या एका कारखान्यातून, पॅक होऊन यायचे. तिच्या बशीत जिवाणू वाढायचे, माझ्या बशीत बुरशी.

मॅडमच्या नव्या प्रकल्पात संशोधक म्हणून एकच जागा होती. डिसेंबरात आमचे सेमिनार होणार होते आणि त्यावरून मॅडम निवड करणार, हे त्यांनी दोघींना बसवून सांगितलं होतं. करजणच्या तिला ती जागा मिळाली तर ती पीएच.डी. करणार होती. नाही मिळाली तर नोकरी शोधायची, असं घरी ठरलेलं. मला नाही मिळाली तर काय, याचा आमच्या घरी कुणी विचारच केला नव्हता. कारण मला मिळणार असं सगळे धरून चालले होते.

आमच्या विषयावरचं एकच चांगलं नियतकालिक लाल रेघेतून वाचलं होतं, आणि त्याच्या त्या वर्षीच्या एका अंकात आम्हाला हवा तो लेख होता. मोठा, चाळीसेक पानांचा. रंग खाणाऱ्या जिवाणूंवर तोवर जगात जे काही झालं होतं त्याचा सगळा आढावा. तो वाचला की सेमिनारचा पाया तयार, असं मॅडम म्हणाल्या होत्या. अंक घरी न्यायला परवानगी नव्हती. ग्रंथालयाचं झेरॉक्स मशीन दिवाळीपासून बंद होतं. बाहेर नेऊन झेरॉक्स करायची तर मॅडमची सही, मग ग्रंथपालांची सही, आणि दोन तासांची मुदत.

मी सही मागायला गेले नाही. मॅडमच्या खोलीचं दार ठोठावायचंच माझ्या जिवावर यायचं. त्याऐवजी मी रोज दुपारी वाचनकक्षात बसून लेख हाताने उतरवत होते. रोज चार-पाच पानं. विसाव्या पानापर्यंत आले होते.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत करजणची ती धावतच माझ्याकडे आली. आम्ही आपसांत गुजरातीत बोलायचो, आणि ती मला 'अली' म्हणजे 'अगं' अशीच हाक मारायची.

"अली, मॅडमची सही मिळाली! चार वाजता प्रॅक्टिकल सुटलं की अंक घेऊन पळते. आजच करून टाकते."

"आजच?"

"आजच. दोन कॉपी काढीन. एक तुझी." मग माझ्या वहीकडे बोट करून हसली. "किती उतरवशील, मुनीमजी? बोटं गळून पडतील."

मी पण हसले. ती गेली आणि मी तशीच डबा उघडा ठेवून बसले.

इथे मला नीट लिहायला हवं, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात हे बरंच गुळगुळीत करून ठेवलं आहे. मला तिचा राग नव्हता. ती मला कॉपी देणार होती. पण दोन कॉपी झाल्या की आम्ही दोघी सारख्या होणार होतो, आणि सारख्या झालो की ती पुढे होती, हे मला ठाऊक होतं. तिच्याकडे तिचे जिवाणू होते. माझ्याकडे तो लेख आधी वाचलेला असणं, एवढंच होतं.

तीन वाजता मी वाचनकक्षात गेले. झडपेवरून अंक उचलला. अंक वाचायला टेबलावर नेतात तसाच नेला. मग टेबलापाशी न थांबता मागच्या भागात गेले.

तिथे मराठीची कपाटं होती. संस्थानाच्या वेळी बडोद्यात मराठी पुस्तकं किती जमली असतील याचा अंदाज त्या कपाटांवरून यायचा, आणि आता ती किती वाचली जातात याचाही. तिथे कुणी फिरकत नसे. मी फिरकले होते, लहानपणी, बाबांबरोबर. आजोबांनी आपली सगळी पुस्तकं या ग्रंथालयाला दिली होती आणि प्रत्येकाच्या आतल्या पानावर त्यांच्या नावाचा शिक्का होता. बाबांनी एक पुस्तक उघडून मला तो शिक्का दाखवला होता. "वाच," म्हणाले होते, आणि आजोबांचं नाव मी अक्षर अक्षर जोडून वाचलं होतं. सबंध ग्रंथालयात हीच एक जागा मला डोळे मिटून सापडली असती. खालून दुसरा कप्पा. आजोबांच्या पुस्तकांची रांग मी थोडी पुढे ओढली, मागे अंक उभा सरकवला, आणि रांग पुन्हा सारखी केली. बोटांना धूळ लागली ती ओढणीला पुसली.

मनाशी म्हटलं, सोमवारी परत ठेवीन. फक्त शनिवार-रविवार. सेमिनार पुढच्या शुक्रवारी आहे. सोमवारी तिने कॉपी काढली तरी तिला चार दिवस मिळतात. चार दिवस काही कमी नाहीत.

परत येऊन मी माझ्या टेबलावर बसले आणि दुसरंच काहीतरी उघडलं.

चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. झडपेपाशी उभी राहिली. झडप उचलली, आत पाहिलं, शेजारच्या झडपा उचलल्या. मग टेबलाटेबलांवर कोण काय वाचतं आहे ते पाहत माझ्यापर्यंत आली.

"अली, आपला अंक जोयो? पाहिलास?"

"नाही तर," मी म्हणाले. "काल होता."

मी हे मान वर करून म्हणाले. आजही आठवतं, मी तिच्याकडे बघून बोलले, आणि माझा आवाज इतका नेहमीसारखा होता की मलाच तो खरा वाटला.

"मरी गया," ती म्हणाली. "आता काय करू? उद्यापासून तर बंद."

"काय बंद?"

"ग्रंथालय! आठ दिवस. पुस्तकांची मोजणी आहे ना. पुढच्या शनिवारी उघडणार." मग माझ्या तोंडाकडे बघून, "दारावर केवढी नोटीस लावली आहे. रोज तिच्यासमोरून तर येतेस!"

नोटीस होती. काचेच्या दारावर, डोळ्यांसमोर, गुजरातीत. मी ती तीन दिवस पाहत होते. गुजरातीतली लांब नोटीस दिसली की मी नजर पुढे न्यायची, नेहमीच. कुणीतरी बोलताना सांगेलच, हा माझा शिरस्ता होता.

साडेपाचपर्यंत ग्रंथालय उघडं होतं. म्हणजे माझ्याकडे सव्वा तास होता. उठायचं, मागे जायचं, अंक काढायचा, "अगं, हा बघ, कुणीतरी भलतीकडेच ठेवला होता," म्हणायचं. इतकं सोपं होतं. पण तोवर तिने टेबलावरच्या काकांना गाठलं होतं आणि दोघं मिळून शोधायला लागले होते.

काका म्हणजे देवघेवीच्या टेबलावर बसणारे वयस्क गृहस्थ. मराठी, निवृत्तीला आलेले. आजोबांना ओळखणारे. मला बघितलं की "काय गं, बाबा बरे आहेत ने?" असं विचारायचे. ते वाकून वाकून खालचे कप्पे बघत होते आणि ती स्टुलावर चढून वरचे. परतीच्या पुस्तकांची गाडी त्यांनी रिकामी केली. बांधणीला जायचा गठ्ठा सोडला. मी मागे गेले असते तर त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं, आणि अंक हातात घेऊन त्यांच्यासमोरूनच परत यावं लागलं असतं. मराठीच्या कपाटात तू कशाला गेली होतीस, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

मग मी पण उठले आणि शोधायला लागले. हे मला सगळ्यात जड जातं लिहायला. मीही दोन कप्पे पाहिले. झडपा उचलल्या. "इथे पण नाही," म्हणाले.

साडेपाचची घंटा झाली. काका म्हणाले, "जाईल कुठे? मोजणीत निघेलच. सगळं ग्रंथालय आमच्या हाताखालून जातं." आणि तिला म्हणाले, "बेन, तू रोज बाजूच्या खिडकीशी येऊन विचारत जा. सापडला की लगेच देतो."

ती रोज गेली. सोमवारी, मंगळवारी. ग्रंथालयाच्या बाजूला एक जाळीची खिडकी होती, तिथे उभी राहून ती हाक मारायची. मी प्रयोगशाळेच्या जिन्यातून बघायची. आतून काका यायचे, मान हलवायचे, ती परत यायची.

मंगळवारी तिने मला विचारलं, "तू पंधरा-वीस पानं तरी उतरवली होतीस ने? तुझी वही दे."

"माझं अक्षर तुला लागणार नाही," मी म्हणाले. "नुसते मुद्दे आहेत. घरी आहे वही."

"तर उद्या आण. गोत्री काय अमेरिकेला आहे?"

दुसऱ्या दिवशी मी तिला पहिली दोन पानं आणून दिली. वहीतून नीट फाडून. प्रस्तावनेची. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि "थँक्यू हां," म्हणाली. वही माझ्या पिशवीतच होती.

त्याच दुपारी ती अहमदाबादला गेली. तिथल्या एका मोठ्या संस्थेत हे नियतकालिक येतं असं कुणीतरी सांगितलं होतं. मॅडमची चिठ्ठी घेऊन, एसटीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "मिळालं?"

"नाव मिळालं," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे. अंक दोन वर्षांपूर्वीच बंद." मग हसायचा प्रयत्न करत, "आपल्यासारखंच. चिठ्ठ्या वाचून पीएच.डी. देत असते ने, तर मी डॉक्टर झाले असते."

मी तेव्हा बोलू शकले असते. तो गुरुवार होता. काकांना खिडकीतून सांगितलं असतं, खालून दुसरा कप्पा बघा, तरी एक रात्र तिच्या हाताशी आली असती. मी काकांपर्यंत गेलेही होते. खिडकीच्या अलीकडे, गुलमोहरापर्यंत. आतून पुस्तकं आपटून धूळ झाडल्याचे आवाज येत होते. मी वाट बघत उभी राहिले, कशाची कोण जाणे. मग बसची वेळ झाली.

शुक्रवारी सेमिनार झाले. आधी ती. तिने सगळ्यांसमोर मान खाली घातली, मग वर केली आणि बोलायला लागली. नाल्याच्या पाण्याचे फोटो, तिच्या बश्यांचे फोटो. पाच दिवसांत लाल पाणी पिवळट झालेलं. प्रयोग इतका स्वच्छ होता की मागे बसलेले दुसऱ्या विभागाचे सरही पुढे वाकले. मग मॅडमनी विचारलं, हेच काम इतर देशांत झालं आहे, त्यांचे निष्कर्ष तुझ्याशी जुळतात का? कोणत्या जिवाणूंनी, किती वेळात?

"मॅडम, मूळ लेख मला मिळाला नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "मी फक्त प्रस्तावना वाचली आहे."

खोटं काही सांगता आलं असतं. चार नावं तर तिलाही माहीत होती. पण तिने ते सांगितलं नाही.

मग मी. मी चांगलं बोलले. पाठ केलेलं आणि इंग्रजी, दोन्ही माझ्या बाजूने होतं. तो लेख काय म्हणतो, कोण काय म्हणतं, तक्ते प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर काढून आणले होते. माझ्या स्वतःच्या प्रयोगाला दोनच पारदर्शिका होत्या आणि त्या मी लवकर सरकवल्या. शेवटी मॅडमनी विचारलं, पाण्यात मीठ जास्त असेल तर काय होतं? त्याबद्दल लेखात काय आहे?

ते विसाव्या पानाच्या पुढे असणार. मी काहीतरी गोल गोल बोलले. मॅडमनी मान डोलावली. करजणची ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे बारीक झाले होते, प्रयोगशाळेत बशीत काही वेगळं दिसलं की व्हायचे तसे.

"दोघींचं काम चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. मग तिला, "तुझं लिटरेचर कच्चं आहे गं. प्रयोग कुणीही शिकवेल, वाचन नाही शिकवता येत." जागा मला मिळाली.

शनिवारी ग्रंथालय उघडलं आणि मी आत शिरले तशी काकांनी टेबलावरूनच हात केला. जवळ गेले. त्यांनी खण उघडला, अंक काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"काल संध्याकाळी सापडला," ते हळू आवाजात म्हणाले. "मराठीची मोजणी आम्ही शेवटी घेतो. तिथे काही हलत नाही, त्यामुळे घाई नसते."

मी अंक जवळ ओढला.

"तुझ्या आजोबांच्या पुस्तकांमागे होता." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्या कप्प्याचं कार्ड बघितलं मी. शेवटचं पुस्तक कधी गेलं असेल बरं? सांगत नाही, तुला वाईट वाटेल. पण धूळ पुसलेली होती. अशी, चार बोटांची."

"काका, मी…"

"तुला हवा होता तर मागायचा ने मला. त्यांच्या नातीला मी दोन दिवस घरी दिला नसता? नियम मोडून दिला असता." ते खरंच दुखावल्यासारखे दिसत होते, आणि मला कळलं की त्यांना वाटतंय मी लाजून मागितला नाही, म्हणून लपवला. माझ्यासाठी त्यांनी सगळ्यात सौम्य कारण शोधलं होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी त्यांच्या लक्षात येत नव्हती आणि माझ्या येत होती. जाळीशी रोज उभी राहणारी कुणाचीच नात नव्हती.

"ती करजणची पोरगी रोज खिडकीशी येत होती," ते म्हणाले. "हा तूच नेऊन दे तिला. मी नोंद केलेली नाही. सापडला म्हणून सांग."

ती प्रयोगशाळेत बश्या धूत होती. आता त्यांचं काही काम नव्हतं, तरी धूत होती. मी अंक तिच्यापुढे धरला.

"सापडला," मी म्हणाले.

तिने हात पुसले. "क्यां?"

"मराठीच्या कपाटात."

तिने अंकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या वर्गात मराठी मी एकटी होते. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिले. तिने विचारलं नाही. अंक घेतला आणि वाचनकक्षात जाऊन बसली.

आठवड्याभराने तिने मला कागदांची एक चळत दिली. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेले, शाळेतल्या पोरींचं असतं तसं गोल अक्षर, तक्ते पट्टीने आखलेले. पहिल्या कागदावर वर लिहिलं होतं: पान एकवीस.

"मशीन अजून बंद आहे," ती म्हणाली. "तू विसापर्यंतच आली होतीस ने? मिठाचं चौतिसाव्यावर आहे." मग पिशवी खांद्याला लावली. "तुला लागेल. तुला पुढे करायचं आहे."

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मी शेकडो वेळा ऐकून पाहिलं आहे. मला ठरवता आलेलं नाही.

पुढचं थोडक्यात. माझी पीएच.डी. झाली. मी त्याच विभागात शिकवायला लागले. ती आधी एका रंगाच्या कारखान्यात पाणी तपासायच्या कामाला लागली, नंतर करजणला नवं कॉलेज निघालं तिथे शिकवायला. काका निवृत्त झाले. ज्या लेखावरून हे सगळं झालं त्याचं नियतकालिक दोन वर्षांनी लाल रेघेत गेलंच.

आणि मग काही वर्षांनी एक दिवस सगळं बदललं. सरकारने अनेक संस्थांच्या वतीने एकत्र वर्गणी भरायला सुरुवात केली आणि आमच्या विभागातल्या संगणकांवर नियतकालिकं उघडायला लागली. बंद झालेली, कधीच न आलेली, जुनी, नवी. पहिल्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक एका संगणकाभोवती उभे होतो. कुणी ओळीने नावं सांगत होतं आणि तो तो लेख समोर येत होता. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. "रेघ मारायला काही उरलंच नाही की," म्हणाल्या आणि डोळे पुसले. मला सगळे खूश आहेत हे दिसत होतं. मी त्या गर्दीतून हळूच बाहेर आले.

करजणचं कॉलेज त्या यादीत नव्हतं. तालुक्याची छोटी कॉलेजं नव्हतीच. पण बाहेरच्या कुणी आमच्याकडे येऊन वाचलं तर चालेल, असं नियमात होतं. एक दिवस तिचा फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि सुरुवात अशी, "अली, तुझ्याकडे बधूं, सगळं दिसतं म्हणे?"

ती दुपारी आली. थोडी जाड झालेली, चष्मा लागलेला, हातात पेन ड्राइव्ह आणि कागदावर लिहिलेली यादी. तिचे विद्यार्थी ढाढर नदीच्या पाण्यावर काही करत होते. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. चहा सांगितला. पहिला लेख उघडला, ती पुढे वाकून वाचायला लागली, आणि मला वाटलं, आत्ता. आत्ता नाही तर कधीच नाही.

"ऐक," मी म्हणाले. "तो अंक. एम.एस्सी.च्या वेळचा. तो मी…"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पडद्यावर बोट ठेवलं.

"आधी डाउनलोड कर ने," ती म्हणाली. "पाचची बस आहे मारी."

मी डाउनलोड केला. मग दुसरा, तिसरा. ती यादीवर एकेकावर बारीक टिक करत होती, तेच गोल अक्षर, तीच पट्टीने आखल्यासारखी ओळ. अकरा लेख होते. चहा आला, तो तिने बशीत ओतून घाईने प्यायला. अकरावा झाल्यावर मी म्हणाले, "आणखी घे. त्याच विषयावरचे शंभर असतील. सगळे घेऊन जा, मुलांना होतील."

"नको, एवढे बस." पेन ड्राइव्हला टोपण लावता लावता ती थांबली. "आपण नेलं म्हणून दुसऱ्या कोणाला कमी तर नाही पडत ने?"

"नाही," मी म्हणाले. "कुणाला कमी पडत नाही."

"सारूं, बरं आहे," ती म्हणाली. "आता तर सारूं छे."

तिला बसपर्यंत सोडायला मी निघाले तर म्हणाली, कशाला, मला रस्ता माहीत आहे. मी जिन्यात उभी राहून पाहिलं. ती ग्रंथालयाच्या बाजूने, त्या जाळीच्या खिडकीवरून गेली. खिडकीपाशी थांबली नाही. मी परत येऊन बसले तेव्हा तिचा कप, बशी आणि टिक केलेली यादी टेबलावर तशीच होती. यादी मी घडी करून खालच्या खणात ठेवली, एकविसाव्या पानापासूनच्या त्या चळतीवर.